‘पण ते असो’ म्हणून सोडलेली ओळ

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, ४९ वर्षांच्या प्राथमिक शिक्षिकेने ते लिहिलं आहे. त्यांचे मोठे भाऊ ५४ वर्षांचे. ‘तंबाखू सोडली तर निर्व्यसनी’, शाकाहारी, रोज पहाटे चालायला जाणारे. एका शिबिरात त्यांची स्ट्रेस टेस्ट झाली, ती नॉर्मल आली. त्यानंतर तीन आठवड्यांनी पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, छाती आवळल्यासारखी झाली. पित्त समजून ओवा आणि सोड्याचं पाणी घेण्यात दोन तास गेले. मग अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. या गोष्टीला चार महिने झाले. आता दादा म्हणतात, ब्लॉक काढला, मग या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कशाला? शेती करणारा धाकटा भाऊ (४६) म्हणतो, तपासून घेतलं तरी झटका आलाच ना, मग तपासायचंच कशाला? आणि बाईंनी घाबरून पतीसाठी (५३, आठ वर्षांपासून मधुमेह) पुण्यात सीटी अँजिओग्राफीची (स्कॅन करून हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहण्याची) वेळ घेतली आहे. पती जायला तयार नाहीत, त्यावरून घरात अबोला आहे. ‘सगळ्यांचीच अँजिओग्राफी एकदाची करून टाकावी का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाकडे येतेच, पण त्याआधी तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. शेवटच्या पानावर, दादांच्या पथ्याबद्दल लिहिता लिहिता, तुम्ही म्हटलंय: ‘मलाही हल्ली महिनाभर शाळेचा दुसरा मजला चढताना छाती भरून येते, धाप लागते, कठड्याला धरून दोन मिनिटं थांबलं की जातं. पाळी जायची वेळ आहे, वजनही वाढलंय. पण ते असो.’

ते असू देऊ नका. श्रम केले की छाती भरून येणं आणि थांबलं की जाणं, याला आम्ही डॉक्टर मंडळी अँजायना म्हणतो, निदान दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तरी. हृदयाच्या स्नायूला चढताना जास्त रक्त लागतं, ते पुरत नाही, तो तक्रार करतो. थांबलात की त्याची गरज कमी होते आणि तक्रार मिटते. तुमच्या बाबतीत हे तसं नसेलही. या वयात पाळीत अंगावरून जास्त जातं आणि हिमोग्लोबिन उतरल्यामुळे जिन्यावर दम लागणाऱ्या कितीतरी बायका मी पाहते. थायरॉइड असू शकतं, वाढलेलं बीपी असू शकतं. पण यातलं कोणतं, हे पत्रावरून मला कळणार नाही आणि कठड्याला धरून तुम्हालाही कळणार नाही. म्हणून हे वाचल्यावर उद्याच फिजिशियनकडे जा. सहामाहीचे पेपर तपासून झाल्यावर नको. त्याआधी हेच दुखणं बसल्या जागी आलं, किंवा चार पायऱ्यांतच येऊ लागलं, तर उद्याचीही वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

तुम्ही पतीसाठी वेळ घेतलीत, धाकट्या भावाशी भांडलात, दादांच्या मुलांची काळजी केलीत. या सगळ्यात एक साधी गोष्ट निसटली. दादांच्या आजाराने ज्याचा धोका वाढतो तो त्यांच्या रक्ताचा माणूस. मेव्हण्याला झटका आला म्हणून तुमच्या यजमानांच्या अंगात त्यातलं काही येत नाही. दादांचे आईवडील तेच तुमचे आईवडील. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो घराण्यात लवकर येणारा हृदयविकार समजायचा, असा वैद्यकातला ठोकताळा आहे. दादा ५४ चे. म्हणजे ही नोंद तुमच्या आणि धाकट्या भावाच्या नावावर पडते.

आणखी एक नोंद तुमच्या एकटीच्या नावावर आहे, तीही तुम्ही सहज लिहून गेलात. ‘माझ्या पहिल्या बाळंतपणात बीपी वाढून आठव्या महिन्यात सिझर करावं लागलं, तेव्हा दादाच रात्रभर दवाखान्यात बसून होता.’ मला त्या रात्रीचा दादाही दिसला आणि ते बीपीही. गरोदरपणात बीपी वाढण्याचा तो आजार ज्या बायकांना होतो, त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे दुप्पट असतो. बाळंतपण झालं, बीपी उतरलं, विषय संपला, असं आपण धरून चालतो. त्यानंतर वर्षाला एकदा बीपी बघा असं कुणी सांगितलंही नसेल. बायकांची ही जुनी नोंद पन्नाशीत कुणी विचारत नाही, याची मला मनापासून चीड येते. तुम्ही मात्र ती डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता दादांच्या नॉर्मल आलेल्या स्ट्रेस टेस्टकडे वळू, कारण धाकट्या भावाचा सगळा राग तिच्यावर आहे आणि तो समजण्यासारखा आहे.

आपल्या मनात हृदयविकाराचं चित्र नळाचं असतं. नळात क्षार साचत जातो, धार बारीक होते, शेवटी नळ बंद पडतो. पण रोहिणी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी, हा नळ नाही, ती जिवंत भिंत आहे. हृदयावर मुकुटासारख्या पसरलेल्या या रोहिण्या सुरुवातीलाही तीन-चार मिलिमीटरच्याच असतात. चरबी साचते ती त्यांच्या पोकळीत नाही, भिंतीच्या आत, कातडीखाली गळू धरावं तशी. आणि बराच काळ ती भिंत बाहेरच्या बाजूला फुगत जाते, त्यामुळे आतली वाट तितकीशी अरुंद होतच नाही. स्ट्रेस टेस्टमध्ये पट्ट्यावर चालवतात तेव्हा सापडते ती बरीच अरुंद झालेली वाट, साधारण ७० टक्के आणि त्यापुढची. भिंतीतलं लहान गळू तिला दिसत नाही. ते फुटलं तर मात्र तिथे रक्त गोठतं आणि काही मिनिटांत मोकळी असलेली वाट बंद होते. कितीतरी झटके अशा निम्म्याहून कमी अरुंद झालेल्या जागी येतात. तेव्हा शिबिरातली टेस्ट खोटी होती असं मला वाटत नाही. त्या दिवशी ती जे पाहू शकत होती तेवढं तिने पाहिलं. चूक झाली ती तिचा रिपोर्ट प्रमाणपत्रासारखा कपाटात ठेवण्यात. शिबिरात दहा मिनिटं पट्ट्यावर चालवलं, पण तंबाखू किती वर्षं खाता हे कुणी विचारलं का?

कारण धोका मोजण्याची रीत वेगळी आहे, आणि ती बरीच स्वस्त आहे. १९४८ सालापासून संशोधक अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ लोकांना, त्यात निम्म्याहून अधिक बायका होत्या, वर्षानुवर्षं तपासत राहिले. बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा झटक्याशी संबंध आपल्याला त्यातून कळला. पुढे ५२ देशांत मिळून एक अभ्यास झाला, २००४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पहिल्या झटक्यामागचा नव्वद टक्क्यांच्या आसपास धोका नऊ गोष्टींत सापडतो: तंबाखू, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळं कमी खाणं, हालचाल कमी असणं आणि दारूच्या सवयी. यातली एकही गोष्ट शोधायला अँजिओग्राफी लागत नाही. आपल्या उपखंडातल्या लोकांबद्दल त्याच अभ्यासात एक वाईट बातमी होती. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी. दादा त्या सरासरीच्या अगदी जवळचे निघाले.

धाकट्या भावाला सांगा, पुण्याला जाऊ नको, पण गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिशीपुढच्या माणसांचं बीपी आणि साखर तिथे मोफत बघतात. कोलेस्टेरॉलच्या चारही आकड्यांची तपासणी करून घे. टेप घेऊन बेंबीपाशी पोट मोज. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही हद्द आहे. हात-पाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, अशी आपल्याकडची कितीतरी माणसं वजनकाट्यावर अगदी साधी दिसतात. आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए नावाची तपासणी तुम्ही तिघं भावंडं आणि दादांची मुलं यांनी करून घेण्यासारखी आहे. तो आकडा बहुतांशी जन्मानेच ठरतो, पथ्याने फारसा हलत नाही. तो ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे आकडे जास्त कडकपणे खाली ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेलं असतं त्यावर फार विसंबू नका. यजमानांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२४ आहे आणि लॅबने पुढे १३० पर्यंत चालेल असं छापलंय, म्हणून तुम्ही त्याला चांगलं म्हटलंय. ती छापील हद्द रस्त्याने जाणाऱ्या कुणाही माणसासाठी असते. आठ वर्षं मधुमेह असलेल्या, त्रेपन्न वर्षांच्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाचं एलडीएल १०० च्या खाली, आणि बहुतेक डॉक्टर म्हणतील ७० च्या खाली हवं. ज्यांना झटका येऊन गेला त्या दादांचं त्याहूनही खाली, शक्यतो ५५ च्या आत.

आता तंबाखू. तुम्ही दादा आणि यजमान दोघांबद्दलही ‘निर्व्यसनी, तंबाखू सोडली तर’ असं लिहिलंय. मला हे वाक्य रोज ऐकू येतं. आपल्या भागात तंबाखू-चुना, सकाळची मिश्री हे व्यसनात धरतच नाहीत. माझ्या आजीची मिश्रीची डबी देवघराशेजारी असायची, त्यामुळे हे कसं होतं ते मला ठाऊक आहे. पण धूर निघाला नाही म्हणून हृदय वाचत नाही. नुसती चघळण्याच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका दुपटीच्या पुढे जातो, हे त्याच ५२ देशांच्या अभ्यासात दिसलं. यजमानांना त्या सीटी स्कॅनला ओढत नेण्यात जेवढी ताकद खर्च होतेय, त्यातली निम्मी इथे लावलीत तर फायदा मोठा होईल. भांडून नको. पुड्यावर छापलेला १८००-११-२३५६ हा फोन मोफत आहे, तिथे सोडायला मदत करतात. पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातात, चिडचिड होते, ते घरच्यांनी धरून चालायचं.

म्हणजे त्यांची अँजिओग्राफी नकोच का? त्यांना चालताना, चढताना काही त्रास होत नाही असं तुम्ही लिहिलंय. अशा माणसाला सरसकट सीटी अँजिओग्राफी करून पाहण्याचा सल्ला मी देणार नाही. समजा थोडं काही दिसलं, तर उपाय काय? तंबाखू बंद, साखर आटोक्यात, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी, बीपीची गोळी लागली तर तीही. हे सगळं त्यांना तो स्कॅन न करताही आजच लागू आहे. उलट स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, तर ‘बघ, मला काही नाही’ म्हणून पुडी पुन्हा उघडेल याची मला जास्त भीती वाटते. मधुमेहात कधी कधी त्रास न जाणवताच आजार वाढतो हे खरं. म्हणून निर्णय त्यांच्या डॉक्टरांना घेऊ द्या. पण आधी या गोष्टी, मग स्कॅन.

आणि हीच तपासणी तुमच्या बाबतीत उपयोगी ठरू शकते, कारण तुम्हाला त्रास आहे. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखण्याची तक्रार असलेल्या चार हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये त्याचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. नेहमीच्या तपासणीला ज्यांच्या बाबतीत सीटी अँजिओग्राफीची जोड दिली, त्यांच्यात झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू २.३ टक्के लोकांच्या वाट्याला आला, इतरांत ३.९ टक्के. गंमत अशी की त्यांच्यावर ऑपरेशनं काही जास्त झाली नव्हती. आजार नेमका कुणाला आहे ते कळलं आणि त्यांना योग्य गोळ्या मिळाल्या, याचाच तो परिणाम असावा. तुम्हाला आधी ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बहुधा इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतील. बसून काढलेला ईसीजी नॉर्मल आला तर तेवढ्यावर घरी परतू नका. अँजायना असलेल्या माणसाचाही तो नॉर्मल येऊ शकतो. ‘पण जिना चढताना होतं त्याचं काय?’ हे तिथेच विचारा.

दादांच्या गोळ्यांबद्दल मात्र मी ठाम आहे. स्टेंट टाकतात तेव्हा ब्लॉक काढून टाकत नाहीत. फुगा फुगवून तो थर बाजूला दाबतात आणि जाळी लावून वाट उघडी ठेवतात. ही मलमपट्टी दोन-तीन सेंटिमीटरची. बाकीच्या रोहिण्यांमधली गळवं होती तिथेच आहेत. शिवाय नवी जाळी शरीराला परकी असते, तिच्यावर भिंतीचं अस्तर धरेपर्यंत रक्त गोठण्याचा धोका असतो. झटक्यानंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर देतात त्या म्हणून. चौथ्या महिन्यात मनाने बंद केल्या तर त्याच जागी गुठळी होऊन दुसरा झटका येऊ शकतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो. दात काढायचा असला, रक्त येत असलं, तरी ज्यांनी स्टेंट टाकला त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवायची नाही. वर्षानंतरही बहुतेकांना एक गोळी पुढे चालू राहते.

स्टॅटिनचं काम कोलेस्टेरॉल उतरवण्यापुरतं नाही, त्या गळवाचं पातळ आवरण ती मजबूत करते. ‘लिव्हर जातं, अंग दुखतं’ हे दादांना मोबाइलवर आलं असेल. लंडनमध्ये त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी आणि काही महिने काहीच नाही, असं वर्षभर दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीवरही झाला. स्नायू खरोखर दुखणारी माणसं असतात, त्यांना डोस किंवा औषध बदलून देता येतं. तेव्हा दुखलं तर डॉक्टरांना सांगायचं. पण गोळी बंद करून मग सांगायचं नाही.

खाण्याबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय, मी थोडक्यात आवरते. शाकाहार चांगला, पण शेव, फरसाण, चहाबरोबर खारी आणि टोस्ट, वडे तळून उरलेलं तेल पुन्हा कढईत, पापड-लोणच्याचं मीठ, हेही शाकाहारीच आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, मूठभर शेंगदाणे हे तुमच्या घरात आहेच, ते वाढवा. चमचाभर तुपाने घर बुडत नाही, त्यावरून दादांशी वाद घालू नका.

आणि ते दोन तास. ओवा दिल्याबद्दल वहिनी स्वतःला दोष देत असतील तर त्यांना माझं नाव सांगून समजवा, पित्त आणि झटका कधी कधी आम्हालाही ईसीजी काढल्याशिवाय वेगळे सांगता येत नाहीत. म्हणूनच घरी ठरवत बसायचं नाही. छातीत, जबड्यात, डाव्या हातात, पाठीत किंवा वरच्या पोटात दाबल्यासारखं होणं, घाम, मळमळ, धाप यातलं काही अचानक आलं आणि थांबत नसलं तर १०८. बायकांच्याही छातीतच दुखतं, पण जोडीला मळमळ, पाठदुखी, न सांगता येणारा थकवा हे जास्त असतं, त्यामुळे त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देतात. स्वतः मोटरसायकल चालवत जायचं नाही. अॅस्पिरिनची ॲलर्जी किंवा अलीकडे रक्तस्राव झालेला नसेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची साधी अॅस्पिरिन चावून खायची. जिभेखालची गोळी शेजाऱ्याच्या डबीतून उचलून द्यायची नाही, बीपी एकदम पडू शकतं. आणि ईसीजी जिथे चोवीस तास निघतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जिथे मिळतं, असा तुमच्या गावाजवळचा दवाखाना कोणता, ते आजच विचारून फोनशेजारी लिहून ठेवा. अँजिओप्लास्टीचं हॉस्पिटल दोन तासांच्या पलीकडे असेल तर त्या इंजेक्शनने जीव वाचतो.

पुण्याची वेळ अजून रद्द करू नका. उद्याच्या डॉक्टरांनी तुम्हालाच ती तपासणी सांगितली तर नाव बदलून घ्यायचं आणि यजमानांना सोबत न्यायचं. अबोला सुटायला ते निमित्तही पुरेल. उद्या जाताना एका कागदावर तीन ओळी लिहून न्या, कारण तपासणीच्या खोलीत तुम्ही पुन्हा दादांबद्दलच बोलाल: ‘महिनाभर दुसरा मजला चढताना छाती भरून येते, थांबलं की जाते. सख्ख्या भावाला ५४ व्या वर्षी झटका. पहिल्या बाळंतपणात बीपी, आठव्या महिन्यात सिझर.’ कागद टेबलावर ठेवा, आणि ‘पण ते असो’ त्यावर लिहू नका.